नाव नको, गाव चालेल

मेळावा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं. चौकात हात जोडलेल्या चेहऱ्यांचा फ्लेक्स, स्टेजवर खुर्च्यांच्या दोन रांगा, शाल-श्रीफळांचा ढीग आणि तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. दारू सोडलेल्या माणसांचा विभागीय मेळावा या चित्रात बसत नाही. बॅनरवर कुणाचा फोटो नसतो. बोलायला येणाऱ्याचं आडनाव पुकारलं जात नाही. मोबाइलवर फोटो काढू नका, अशी विनंती सुरुवातीलाच होते. देणगीदारांची यादी वाचली जात नाही, कारण बाहेरच्या माणसाकडून देणगी घ्यायचीच नाही असा या मंडळींचा दंडक आहे. मंडपाचं भाडं, जेवणाचा आणि चहाचा खर्च सदस्य आपल्याच खिशातून भागवतात.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे संघटनेचं नाव. सदस्यांच्या तोंडी नुसतं ‘एए’. तिचे छोटे छोटे ‘ग्रुप’ गावोगावी चालतात. कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या मागच्या खोलीत, कुठे समाजमंदिरात. अशा ग्रुपांतली माणसं वर्षातून एखाद्या वेळी एकत्र येतात तो विभागीय मेळावा. नोंदणीच्या टेबलावर पहिलं नाव आणि गाव सांगितलं की पुरतं. मग माइकवर एकेक जण येतो. नमस्कार करतो, पहिलं नाव सांगतो, कुठल्या ग्रुपचा ते सांगतो आणि म्हणतो, ‘मी अल्कोहोलिक आहे.’ समोरचे सगळे त्याचं नाव घेऊन नमस्कार परतवतात. पुढची दहा-पंधरा मिनिटं तो स्वतःबद्दल बोलतो: पिताना काय होतं, मग काय घडलं, आता कसं आहे. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, नंतर कुणी सल्ला देत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याला चकित करते ती हसण्याची लाट. बाटली कुठे कुठे लपवली याचे किस्से निघतात. कुणी ज्वारीच्या कोठीत, कुणी संडासाच्या टाकीत, कुणी गाडीच्या डिकीत, आणि लपवलेली आपल्यालाच सापडली नाही म्हणून रात्रभर घर उपसलं. मंडप खदाखदा हसतो. त्याच माणसाने पुढच्या वाक्यात बायकोचं डोरलं विकल्याचं सांगितलं की सगळे गप्प होतात. बाहेरच्याला यातलं काही विचित्र वाटेल. आत बसलेल्यांपैकी बहुतेकांनी दोन्ही केलेलं असतं.

अशा मेळाव्याला वाळूजसारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. छत्रपती संभाजीनगरातून नगर रस्त्याने बाहेर पडलं की हा औद्योगिक पट्टा लागतो. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागोमाग सुटे भाग करणारे, मग त्यांना माल पुरवणारे आले. बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या कोरडवाहू गावांतली पोरं बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर इथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहायला आली. हातात पहिल्यांदाच महिन्याचा पगार, डोक्यावर बापाची किंवा चुलत्याची नजर नाही, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर झोप येईना. दारू लागायला याहून जास्त काही लागत नाही. गावात ज्याने कधी वास घेतला नव्हता तो इथे ‘क्वार्टर’ आणि ‘नव्वद’ ही मापं शिकतो. कंपनीत कायम असलेला निदान सुटी आणि दवाखान्याच्या सवलतीवर काही काळ निभावतो. ठेकेदाराकडचा कामगार लागोपाठ चार दिवस आला नाही की पाचव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

वाळूजची आणखी एक ओळख आहे. छत्रपती संभाजीनगरच्या या औद्योगिक पट्ट्यात बियरचे आणि मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा जायकवाडीचं पाणी बियरला का, हा प्रश्न राज्यभर पेटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या एप्रिलमध्ये मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी पन्नास आणि मग साठ टक्के कपात करायला सांगितली. आता कुणालाही वाटेल की दारू सोडलेल्यांच्या मेळाव्यात या कारखान्यांविरुद्ध एखादा ठराव तरी होईल, दारूबंदीची घोषणा तरी होईल. होत नाही. एएच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे नियमांपैकी, दहावी सांगते की बाहेरच्या कुठल्याही वादावर संघटनेचं मत नाही. दारूबंदी हवी की नको, देशी दारूचं दुकान गावात असावं की नसावं, यावर ती बोलत नाही. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी गावकरी म्हणून बोलावं, ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात उतरावं. संघटनेचं नाव मात्र तिथे आणायचं नाही.

हा भित्रेपणा वाटू शकतो. त्यामागे एक जुनी ठेच आहे. १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडायचं ठरवलं आणि ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ उभी राहिली. दोन-तीन वर्षांत तिचे सदस्य लाखोंनी वाढले. तरुण अब्राहम लिंकनने १८४२ मध्ये स्प्रिंगफिल्डला तिच्यासमोर भाषण केलं. पुढे ती दारूबंदीच्या राजकारणात आणि व्याख्यानबाजीत ओढली गेली, पिणारा माणूस बाजूला पडला आणि दहा वर्षांच्या आत चळवळ जवळजवळ नाहीशी झाली. शंभर वर्षांनी एएने आपले नियम घडवले तेव्हा हा इतिहास नजरेसमोर होता.

त्या नियमांच्या मुळाशी असलेली गोष्ट फार साधी आहे. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच उभा, एका टोकाला बार आणि आतून येणारे हसण्याचे आवाज. खिशातल्या पैशांत पिता आलं असतं. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी होती. त्याने फोन उचलला आणि विचारलं की तुमच्या गावात माझ्यासारखा एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्या फोनांच्या साखळीतून तो डॉ. बॉब स्मिथ नावाच्या शल्यविशारदापर्यंत पोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला होता. बोलणं काही तास चाललं. डॉक्टरने शेवटचा घोट घेतला १० जून १९३५ रोजी. तोच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

या गोष्टीतला अर्थ बऱ्याचदा उलटा सांगितला जातो. बिलने डॉक्टरला वाचवलं असं नाही. बिल स्वतः त्या संध्याकाळी पडू नये म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. डॉक्टरला आजवर उपदेश खूप मिळाले होते, पण गरजू म्हणून समोर बसलेला हा पहिलाच माणूस. मेळाव्याची सगळी रचना याच एका शोधावर उभी आहे. वीस वर्षं न प्यायलेला माणूस कालच आलेल्याला चहा नेऊन देतो, तेव्हा त्यात परोपकार थोडा आणि स्वतःची गरज जास्त असते. म्हणूनच त्या चहाचा त्रास होत नाही. घरच्यांच्या आणि साहेबांच्या मदतीत जो एक ‘बघ, आम्ही तुझ्यासाठी काय करतो’ असा सूर असतो, तो इथे नसतो.

१९३९ मध्ये दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्यांचं पुस्तक आलं. जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंडला पहिलं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं. बारा परंपरा तिथे मंजूर झाल्या. कॅन्सरने खंगलेले डॉ. बॉब त्या अधिवेशनात अगदी थोडं बोलले आणि नोव्हेंबरमध्ये गेले. तेव्हापासून दर पाच वर्षांनी असं अधिवेशन भरतं, २०२५ चं व्हँकुव्हरला झालं. अशा मोठ्या जमावात एक प्रघात आहे. चाळीस वर्षं न प्यायलेल्यांनी उभं राहा, अशी सुरुवात होते. मग तीस, वीस, दहा, पाच, एक वर्ष, एक महिना, एक आठवडा. उभे राहणारे वाढत जातात. शेवटी ज्याचा आज पहिला दिवस आहे त्याला उभं राहायला सांगतात आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात. आपल्याकडे मेळाव्यात ‘बर्थडे’ साजरे होतात. न पिता एक वर्ष झालं की पहिला वाढदिवस. पदक हातात ठेवायला पुष्कळदा बायको किंवा मुलगी पुढे येते. पदक तळहातावर मावेल एवढं असतं. पन्नाशीचा गडी ते हातात धरून ‘मी आज एक वर्षाचा झालो’ म्हणतो आणि त्याला पुढचं बोलता येत नाही.

भारतात एए १९५७ मध्ये आलं, मुंबईत लवकर रुजलं आणि तिथून मराठी मुलखात पसरलं. मराठी वाचकाला व्यसनमुक्ती म्हटलं की एए आठवत नाही, मुक्तांगण आठवतं, आणि ते रास्तच आहे. अनिल अवचटांनी ‘गर्द’ या अमली पदार्थावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण मुक्तांगणवर त्यांचा ठसा आजही आहे. बरे झालेले रुग्णच तिथे पुढे कार्यकर्ते झाले. ॲक्रनचाच धडा तो, येरवड्यात आपल्या वाटेने शिकलेला. मुक्तांगणचा वर्धापनदिन हा स्वतःच मोठा मेळावा असतो, आणि उपचार संपल्यावरचा ‘पाठपुरावा’ हा तिथला परवलीचा शब्द आहे. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. त्याआधी, १९८१ मध्ये, वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग अशी त्यांची जोडी होती.

एवढं असूनही गरजेच्या मानाने सगळं तोकडं आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी माणसं दारू पितात आणि साधारण पावणेसहा कोटींचं पिणं हाताबाहेर गेलेलं किंवा अपाय करणारं आहे. पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले सदतीस जण काय करतात? देवाची शपथ घेतात, मंगळवारपासून सोडतो म्हणतात, गंडा बांधतात. आणि मराठवाड्यात पुष्कळ जण माळ घालतात.

माळेबद्दल शहरी लेखात सहसा दोन ओळींत बोळवण होते. ते बरोबर नाही. वाळूजच्या शेजारचं पंढरपूर, ज्याला जिल्हाभर ‘छोटं पंढरपूर’ म्हणतात, तिथे आषाढीला कामगार वस्तीतून आणि आसपासच्या तालुक्यांतून दिंड्यांवर दिंड्या येतात. कारखान्यांच्या धुराड्यांना लागूनच ही वारी चालते. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू-मटण बंद, हा करार माणूस विठोबाशी करतो आणि त्याला साक्षीदार असतं सगळं गाव. नुसती शपथ टिकत नाही, माळ पुष्कळदा टिकते, कारण तिच्यामागून एकादशी येते, भजनाची बैठक येते, पायी वारी येते, आणि संध्याकाळी सात वाजता जायला एक जागा मिळते. पिणाऱ्याला दारूइतकीच ती जागाही लागलेली असते. मानसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हा स्वमदत गटच आहे, फक्त टाळ-मृदंगासह.

माळ आणि एए, दोन्हींत फरक पडतो तो घसरल्यावर. माळकऱ्याने प्यायली तर माळ बाटली. तो भजनाला जायचं टाळतो, तोंड चुकवतो आणि मग पिण्याला धरबंध राहत नाही. एएमध्ये घसरण्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि स्लिप झालेला पुढच्या मीटिंगला येऊन तसं सांगतो. तारीख नव्याने मोजायची, एवढीच शिक्षा. त्याला कुणी विचारत नाही की का प्यालास. पुन्हा आलास, हे बरं झालं, म्हणतात. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकराला दारू सोडायचीच होती. त्याच्या भोवती तळीरामाचं आर्यमदिरामंडळ होतं, घरात सोसणारी सिंधू होती. पडून उठलेला, त्याच्याच पातळीवर बसून बोलेल असा एकही माणूस गडकऱ्यांच्या जगात त्याला मिळू शकला नाही. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, ॲक्रनच्या सोळा वर्षं आधी. पहिला पेलाच घात करतो, दहावा नव्हे, हे मात्र गडकरी आणि एए दोघेही एकाच ठामपणे सांगतात.

देवाचं काय, हा प्रश्न निघतोच. बारा पायऱ्यांत ‘आपल्याहून मोठी शक्ती’ हा शब्दप्रयोग आहे आणि मीटिंग प्रार्थनेने संपते. नास्तिकाला ते खटकतं. जुने सदस्य त्याला सांगतात की तुला देव जड जात असेल तर ग्रुपलाच मोठी शक्ती मान. व्यवहारात बहुतेकांचं यावर भागतं. काहींचं भागत नाही, ते दुसरी वाट धरतात, आणि तसं करण्यात काही गैर नाही.

हे सगळं भावनेचं काम आहे, शास्त्रात बसत नाही, असं डॉक्टरही पूर्वी म्हणत. २०२० मध्ये कॉक्रेन या नामवंत संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त रुग्णांचा आढावा घेतला. बारा पायऱ्यांशी शिस्तीने जोडून दिलेल्या रुग्णांत पूर्ण दारूमुक्त राहण्याचं प्रमाण इतर मान्यताप्राप्त समुपदेशनापेक्षा जास्त निघालं, खर्चही कमी. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक बसवले. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा त्या गटातले बेचाळीस टक्के पुरुष गेल्या दोन आठवड्यांत प्यायले नव्हते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण अठरा टक्के होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. थोडक्यात, पिणाऱ्या माणसाशी नीट बोललं तर फरक पडतो, आणि त्यासाठी मोठ्या पदव्यांची वाट बघावी लागत नाही.

मेळाव्यात एका कोपऱ्यात बायकांची वेगळी बैठक असते. ती अल-अनॉनची, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने एका मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये ती सुरू केली. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभं राहायचं का, उधारी फेडायची का, नवरा पिऊन पडला तर सुपरवायझरला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करायचा का, असे प्रश्न तिथे निघतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अल-अनॉनमध्ये स्पष्ट आहे: करायचा नाही. त्याचं त्यालाच निस्तरू द्यायचं. सांगायला सोपं, घरभाडं थकलेल्या बाईला करायला भयंकर अवघड. स्वतः पिणाऱ्या बायका मात्र या मंडपात फार थोड्या दिसतात. राष्ट्रीय पाहणीत पिणाऱ्या बायकांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघालं, पण आपल्या समाजात बाईने ‘मी अल्कोहोलिक’ म्हणून माइकवर उभं राहणं म्हणजे काय, हे लक्षात घेतलं तर लपलेला आकडा मोठा असणार. मुक्तांगणने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला तो याचसाठी.

मेळाव्याच्या मर्यादा त्यातली जाणती माणसंच आधी सांगतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने जोशात येऊन एका रात्रीत दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणं, झटके, भास सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पहिला आठवडा डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायला हवा. ‘पिणाऱ्याला न सांगता चहातून द्या’ अशा जाहिरातींच्या औषधांपासून लांब राहिलेलं बरं. दारूची प्रतिक्रिया यावी म्हणून देतात ती डायसल्फिरामसारखी औषधं रुग्णाच्या नकळत दिली तर ती जिवावर बेततात. आणि कोंडून, मारून सुधारणारी केंद्रंही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक विकार मोडतात. म्हणून रुग्णाला कुठल्याही केंद्रात ठेवण्याआधी त्याची नोंदणी आहे का, हे बघणं घरच्यांचं काम आहे.

वाळूजच्या कारखानदारांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गैरहजर कामगाराला नोटीस देणं सोपं आहे. पण शिफ्ट सुटण्याच्या वेळी, गेटपासून पायी जाता येईल अशा एखाद्या खोलीत ग्रुपला आठवड्यातून दोन संध्याकाळी जागा दिली, तर खर्च पंख्याच्या विजेएवढा येईल. ग्रुप त्याचंही नाममात्र भाडं देईल, कारण फुकट घेणं त्यांच्या परंपरेत बसत नाही. नोंद ठेवू नका, कोण आलं ते विचारू नका, एवढं मात्र पाळावं लागेल.

घरात असा कुणी असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलीमानसची, अशा दोन सरकारी हेल्पलाइन टोल फ्री आहेत. एएच्या ‘ओपन’ मीटिंगला घरचेही जाऊन बसू शकतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव लागत नाही. त्या दिवशी पिऊन आलेल्यालाही मागच्या खुर्चीत बसू देतात, फक्त बोलायला पुढच्या वेळी या म्हणतात.